पाचशे ग्रॅमचं पिस्तूल, अडीच किलोचा चाप

सिग सॉअर कंपनीचं पी-३६५ हे पिस्तूल अमेरिकेच्या बाजारात आलं जानेवारी २०१८ मध्ये. नऊ मिलिमीटरच्या दहा गोळ्या पोटात घेणारं हे पिस्तूल रिकामं असताना जेमतेम ५०० ग्रॅमचं. शर्टाखाली कमरेला लावलं तर बाहेरून कळत नाही, त्यामुळे रोज शस्त्र जवळ बाळगणाऱ्या अमेरिकनांनी ते उचलून धरलं. स्मिथ अँड वेसनचं शील्ड (२०१२) आणि ग्लॉक ४३ (२०१५) हे त्याच जातीतले त्याचे थोरले भाऊ. या लहान पिस्तुलांच्या मालकांची ठरलेली तक्रार म्हणजे चाप जड आहे. त्या तक्रारीवर सुट्या भागांचा एक मोठा बाजार उभा आहे. त्यात हलक्या स्प्रिंगांचे संच मिळतात, सपाट तोंडाचे चाप मिळतात, आरशासारखे घासलेले आतले भाग मिळतात.

चाप म्हणजे नेमका किती जड? अशा पिस्तुलांचा चाप ओढायला साधारण अडीच ते तीन किलोचा जोर लागतो. म्हणजे पिस्तुलाच्या स्वतःच्या वजनाच्या पाचपट. गोळ्या भरल्यावर पिस्तूल सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास जातं, तरी जोर चौपट राहतोच. बोटाचा जोर नळीच्या रेषेत सरळ मागे आला तर काही बिघडत नाही, कारण तळहात तो झेलतो. पण बोट हा सांध्यांवर वळणारा अवयव आहे, तो सरळ रेषेत मागे येत नाही. अडीच किलोपैकी दहा टक्के जोर बाजूला गेला, तरी अडीचशे ग्रॅमचा धक्का लागला, म्हणजे पिस्तुलाच्या निम्म्या वजनाइतका.

आता कोल्हापूरच्या राही सरनोबतचा खेळ आठवा. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिने २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक घेतलं. या प्रकारात आंतरराष्ट्रीय नियमाने चाप किमान १ किलोचा असावा लागतो, आणि पिस्तूल १४०० ग्रॅमपर्यंत चालतं. १० मीटर एअर पिस्तुलात तर चापाची किमान मर्यादा ५०० ग्रॅमच आहे. पंच पिस्तूल उभं धरून चापाला ठरलेलं वजन अडकवतात आणि उचलून पाहतात. वजन उचललं गेलं तर पास, चाप सुटला तर पुन्हा पेटीत. म्हणजे स्पर्धेच्या पिस्तुलात चापाचा जोर आणि शस्त्राचं वजन यांचं प्रमाण एकास एकच्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि कमरेच्या पिस्तुलात पाचास एक. लहान पिस्तुलाने नेम धरणं अवघड का, याचं अर्धं उत्तर या प्रमाणातच आहे.

उरलेलं उत्तर लांबीत आहे. पुढची आणि मागची साइट (नेम धरताना एका रेषेत आणायच्या पिस्तुलावरच्या दोन खुणा) यांच्यातलं अंतर पी-३६५ मध्ये सुमारे १३० मिलिमीटर आहे, पूर्ण आकाराच्या ग्लॉक १७ मध्ये १६५. पुढची साइट १ मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर पहिल्या पिस्तुलाची गोळी पावणेआठ सेंटिमीटर चुकते, दुसऱ्याची सहा. लहान पिस्तूल सहज हलतं, आणि हललं की जास्त चुकतं. नळीचा यात काही दोष नसतो. शिकंज्यात घट्ट आवळून झाडलं तर हेच पिस्तूल बऱ्यापैकी एकाच जागी गोळ्या टाकतं. चाप हलका केल्याने पिस्तूल जास्त अचूक होतं असं दुकानदार सांगतो, ते तेवढ्यापुरतं खोटं आहे. पिस्तूल होतं तसंच राहतं, माणसाचा त्रास कमी होतो.

पण किलोचा एकच आकडा चापाची हकिगत पुरी सांगत नाही. चाप ओढताना आधी थोडं सैल अंतर जातं. मग बोटाला भिंत लागल्यासारखं होतं, जोर चढतो, आणि एका क्षणी सिअर सुटतो. सिअर म्हणजे ताणलेल्या स्ट्रायकरला अडवून धरणारा खटका. स्ट्रायकर म्हणजे पुढे झेपावून काडतुसाच्या बुडावरच्या प्रायमरवर आदळणारा दांडा. अंतर आणि जोर यांचा आलेख काढला, तर त्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे बोटाने केलेलं काम. दोन चापांचा सर्वोच्च जोर सारखाच असला, तरी एकाचा आलेख दगडांवरून गेल्यासारखा खडबडीत असेल आणि दुसऱ्याचा गुळगुळीत, तर हाताला दोन निराळी पिस्तुलं वाटतात. मला विचाराल तर बाजारातली निम्मी सुधारणा किलो कमी करण्याची नसून ही खडबड घालवण्याची आहे, आणि पैसे तिथेच वसूल होतात. दुचाकीच्या क्लचची केबल सुकली की लिव्हर जड लागतो. आतली स्प्रिंग तीच असते, घर्षण वाढलेलं असतं. चापाला सिअरशी जोडणाऱ्या पट्टीच्या आणि सिअरच्या घासणाऱ्या जागा गुळगुळीत केल्या की नेमकं तेवढंच घर्षण उतरतं. मात्र खटक्याची धार किंवा कोन बदलला, तर तो खटका धरून ठेवायचंच काम विसरू शकतो. घासणं आणि कोरणं यांतला फरक इथे जिवाशी गाठ घालणारा आहे.

आता स्प्रिंगांकडे. स्प्रिंग जितकी दाबाल तितका तिचा विरोध वाढतो, हे रॉबर्ट हुकने सतराव्या शतकात सांगून ठेवलं. ती किती कडक असेल हे तारेच्या जाडीवर, वेटोळ्याच्या व्यासावर आणि वेढ्यांच्या संख्येवर ठरतं. यातली जाडी फार तिखट आहे. कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातात बदलतो. तार पाच टक्के बारीक केली की स्प्रिंग साडेअठरा टक्के मऊ होते, दहा टक्के बारीक केली की तिच्या जोराचा तिसरा हिस्सा गेला. नुसत्या नजरेने ओळखू न येणारा फरक बोटाला लगेच कळतो तो यामुळेच. आणि म्हणूनच तारेच्या जाडीत कारखान्याची जरा ढिलाई झाली, तर एकाच नावाच्या दोन पाकिटांतल्या स्प्रिंगा वेगळ्या निघतात.

कोणती स्प्रिंग काय करते हेही वाटतं तितकं सरळ नाही. जुन्या पिढ्यांच्या ग्लॉकमधली चापाची स्प्रिंग जास्त कडक घातली, तर चाप हलका होतो! कारण ती ताणलेली असते आणि बोटाच्याच बाजूने ओढते. बोटाच्या विरोधात असते ती स्ट्रायकरची स्प्रिंग. ग्लॉकमध्ये स्ट्रायकर आधी अर्धवटच ताणलेला असतो, उरलेलं ताणायचं काम तुमचं बोट करतं. मग चाप हलका करण्याचा सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे स्ट्रायकरची स्प्रिंगच मऊ करणं. साडेपाच पौंडांची काढायची आणि साडेचारची घालायची.

हिशेब इथे उलटतो. बोटाने जे काम वाचवलं ते स्ट्रायकरच्या झेपेतून गेलं. तेवढ्याच अंतरात स्प्रिंगची ऊर्जा सुमारे १८ टक्क्यांनी उतरते. प्रायमरच्या इवल्याशा धातूच्या वाटीत आघाताने पेटणारं रसायन असतं. स्ट्रायकरचं टोक वाटीला खळी पाडतं, तेव्हा ते रसायन आतल्या ऐरणीवर चिरडलं जाऊन ठिणगी पडते. खळी उथळ पडली तर काहीच होत नाही. लष्करी धाटणीच्या काडतुसांची वाटी कडक असते, सरावाच्या स्वस्त काडतुसांचीही कधीकधी. स्पर्धेत एक गोळी फुसकी निघाली तर गुण जातात आणि सोबतचे हसतात. कमरेला लावलेल्या पिस्तुलाचं अख्खं प्रयोजनच त्या एका गोळीत असतं. स्ट्रायकरच हलका करून वेग परत मिळवू, असा एक तोडगा विकला जातो. वेग मिळतो हे खरं, पण ऊर्जा स्प्रिंगमध्ये होती तेवढीच राहते आणि वस्तुमान कमी झाल्याने संवेग उलट घटतो.

शिवाय स्ट्रायकरची स्प्रिंग एकटी नसते. बोट तिला दाबतं तेव्हा ती स्लाइडला, म्हणजे पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागाला, किंचित मागे रेटत असते. स्लाइड पुढे बंद ठेवायचं काम नळीखालच्या रिकॉइल स्प्रिंगचं. हात कमी उडावा किंवा स्लाइड सहज ओढता यावी म्हणून ही मऊ केली, तर ऐन चाप ओढताना स्लाइड जरा उघडी पडू शकते. छोट्या पिस्तुलात या स्प्रिंगवर आधीच अत्याचार चाललेला असतो. आठ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटर वेगाने गेली, तर मागे येणाऱ्या भागांना तितकाच संवेग मिळतो. समजा मोठ्या पिस्तुलात नळी आणि स्लाइड मिळून ४५० ग्रॅमचे आहेत, तर त्यांचा वेग सेकंदाला सहा मीटरच्या वर जातो. लहान पिस्तुलात तेच ३०० ग्रॅमचे असले तर वेग नऊ मीटरच्या पुढे, आणि ऊर्जा दीडपट. ही दीडपट ऊर्जा कमी अंतरात जिरवायची असते. म्हणून ग्लॉक २६ किंवा शील्डसारख्या पिस्तुलांत एकात एक घातलेल्या दोन स्प्रिंगा असतात, आणि मोठ्या पिस्तुलातल्यापेक्षा त्या लवकर थकतात. नवी स्प्रिंग घालायचीच तर आधी ही घालावी. पण ती घातल्याने बोटाला काहीच वेगळं लागत नाही, म्हणून तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही.

चाप जड ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे, ते पिस्तूल हातातून पडल्यावर कळतं. अमेरिकी सैन्याने जानेवारी २०१७ मध्ये सिगच्या पी-३२० वर आधारलेलं पिस्तूल निवडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नागरी बाजारातलं पी-३२० विशिष्ट कोनात, स्लाइडच्या मागच्या टोकावर आपटलं की गोळी सुटू शकते, असं चाचण्यांत दिसलं. पिस्तूल जमिनीवर थांबतं, पण चाप जडत्वाने मागे चालतच राहतो. बोट नसताना ओढला जातो. कंपनीने ऐच्छिक सुधारणा देऊ केली, त्यात आतल्या इतर बदलांबरोबर चापाचं स्वतःचं वस्तुमान कमी केलं.

साधं गणित मांडू. एक मीटरवरून पडलेली वस्तू जमिनीला सेकंदाला ४.४ मीटर वेगाने भिडते. चाप स्वतः १० ग्रॅमचा असेल तर त्याच्यात सुमारे ०.१ ज्यूल ऊर्जा असते. चाप सरासरी एक किलोच्या जोराने एक सेंटिमीटर ओढायला लागणारं कामही ०.१ ज्यूलच. म्हणजे सामना बरोबरीचा! स्प्रिंग हलकी केली की पारडं धोक्याकडे झुकतं, चापाचं वस्तुमान निम्मं केलं की सुरक्षेकडे. आता गंमत पाहा. हौशी मंडळी प्लॅस्टिकचा चाप काढून ॲल्युमिनियमचा देखणा चाप बसवतात. ॲल्युमिनियमची घनता अशा प्लॅस्टिकच्या साधारण दुप्पट. त्याच आकाराचा चाप दुप्पट जड, आणि वर हलकी स्प्रिंग. ग्लॉकच्या चापाच्या मधोमध असलेलं ते बारीक पातं यासाठीच आहे. बोटाने ते दाबलं नाही तर चाप मागे येतच नाही. पातं अगदी हलकं असल्याने आपटण्याने सहसा दबत नाही. बदली चापात हे पातं ढिलं बसलं असेल, तर बाकी सगळी सुधारणा बिनकामाची.

भारतात ही हौस घरच्या टेबलावर करता येणारी नाही. शस्त्र कायदा, १९५९ नुसार शस्त्राची दुरुस्ती किंवा रूपांतर करायलासुद्धा परवाना लागतो.

मग जड चाप सुरक्षित, असं म्हणावं का? न्यूयॉर्कच्या पोलिसांनी तसं मानलं. १९९३ मध्ये तिथे रिव्हॉल्वर जाऊन पिस्तुलं यायला लागली. लांब, जड ओढीची सवय असलेल्या बोटांकडून चुकून गोळी सुटू नये, म्हणून ग्लॉकमध्ये बारा पौंडांचा, म्हणजे जवळपास साडेपाच किलोचा चाप बसवला गेला. भीती निराधार नव्हती. रॉजर एनोका या स्नायूशास्त्राच्या अभ्यासकाने नकळत चाप ओढला जाण्याची तीन कारणं मांडली आहेत: दचकणं, तोल जाणं, आणि एका हाताने जोर लावताना दुसऱ्या हाताची बोटं आपोआप आवळली जाणं. या तिन्ही वेळी जड चाप थोडी उसंत देतो. पण मुद्दाम गोळी झाडताना तोच चाप नेम बिघडवतो. २०१२ च्या ऑगस्टमध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी एका सशस्त्र खुन्यावर १६ गोळ्या झाडल्या. तो मारला गेला, आणि रस्त्यावरचे नऊ लोक पोलिसांच्याच गोळ्यांनी किंवा त्यांच्या तुकड्यांनी जखमी झाले. गर्दी, घाई, भीती, सगळंच तिथे होतं, एकट्या चापावर खापर फोडता येणार नाही. मात्र रँड या अमेरिकी संशोधन संस्थेने त्याआधीच, २००८ च्या अहवालात, हलक्या चापाचा विचार करावा असं या पोलीस दलाला सुचवलं होतं. नव्या भरतीच्या हातात हलक्या चापाची पिस्तुलं द्यायचं ठरायला २०२१ साल उजाडलं.