अंधाराचा मुक्काम : बुकिंगआधी एवढं वाचा

तारे बघण्यासाठी आम्ही माळावर रात्रीचा मुक्काम ठेवतो. त्यासाठी फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो, "टेंट कसले आहेत?" दुसरा, "मटण आहे का?" दोन्हींची उत्तरं पुढं आहेत. पण ज्याच्यासाठी आपण कोल्हापुरातून पन्नासेक किलोमीटर लांब जाणार, त्या आकाशाचं आधी बोलू. नाहीतर मध्यरात्री दुर्बिणीला डोळा लावून "एवढंच?" म्हणायची वेळ येते, आणि ते ऐकायला आम्हालाही बरं वाटत नाही.

जागा राधानगरी तालुक्यात, एका शेतकऱ्याच्या मालकीच्या माळावर आहे. अभयारण्याच्या हद्दीबाहेर. आत रात्री राहायचं तर वनखात्याची परवानगी लागते. आम्ही त्या भानगडीत पडत नाही आणि "थोडं आत घ्या की" असा आग्रह कुणी धरला तरी ऐकत नाही.

हल्ली आणखी एक प्रश्न येतो, "हे पेंचसारखं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेलं उद्यान, आहे का?" नाही. नागपूरकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये डार्कस्काय इंटरनॅशनल या संस्थेनं तो दर्जा दिला. असा दर्जा मिळालेलं ते देशातलं पहिलं उद्यान. त्यासाठी आजूबाजूच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलले, उजेड वर न जाता खाली जमिनीवर पडेल असे बसवले. आमच्या माळाला कसलंही प्रमाणपत्र नाही. पश्चिमेला सह्याद्री आणि जंगल, म्हणून तिकडं अंधार आहे, एवढंच. ईशान्येला मात्र कोल्हापूरचा पिवळट उजेड क्षितिजालगत दिसतो. तो आम्ही झाकू शकत नाही. उसाच्या गाळपाचा हंगाम ऐन भरात असला आणि शिवारात पाचट पेटवलेलं असलं, की धुराचा एक पातळ पडदाही खालच्या बाजूला असतो. डोक्यावरचं आकाश तरीही शहरातल्या माणसानं बहुधा कधी पाहिलेलं नसतं.

तारखा आणि अमावास्या

आमचे मुक्काम अमावास्येच्या आगेमागे येणाऱ्या शनिवारी असतात. यावर घरोघरी वाद झाल्याचं आम्हाला माहीत आहे. "अमावास्येला कुठं रानात निघालासा?" असं म्हणून आजीनं पोरांना थांबवल्यानं दोन बुकिंगं रद्दही झाली आहेत. आमचा नाइलाज आहे. चंद्र असला की आकाश इतकं उजळतं की आकाशगंगा दिसतच नाही. कोजागरीला मुक्काम ठेवा म्हणणाऱ्यांना आमचं सांगणं, त्या रात्री दूध प्या, चंद्र बघा, घरच्या गच्चीवरूनही तो छान दिसतो. ताऱ्यांसाठी मात्र चंद्र नसलेली रात्रच हवी. अमावास्येला अगदीच नको असेल, तर आधीच्या किंवा नंतरच्या दोन-तीन दिवसांतली तारीख मागून घ्या.

जून ते सप्टेंबर आम्ही बंद असतो. ऑक्टोबरचं काही खरं नसतं. नोव्हेंबर ते एप्रिल हा आमचा हंगाम.

डोळ्यांना अर्धा तास द्या

या पत्रकातलं एकच कलम वाचणार असाल तर हे वाचा. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा पूर्ण तयार व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. बाहुली मोठी होते ती काही क्षणांत. खरं काम डोळ्यातल्या पडद्यावरच्या दंडपेशींचं, म्हणजे मंद उजेड टिपणाऱ्या पेशींचं असतं. त्यांच्यातलं प्रकाश टिपणारं द्रव्य उजेडात मोडून जातं आणि अंधारात सावकाश परत तयार होतं. अशा तयार डोळ्यासमोर कुणी मोबाईल उघडला की अर्ध्या तासाची कमाई एका सेकंदात जाते. उघडणाऱ्याची तर जातेच, शेजारच्या चौघांचीही जाते.

पहिल्या वर्षी आम्हीच ही चूक केली होती. तंबूंवर फोटोला बरं दिसतं म्हणून दिव्यांच्या माळा सोडल्या. फोटो झकास आले. रात्री अकराला एका काकांनी शांतपणे विचारलं, "तारे बघायला आलोय ना आपण?" त्याच रात्री माळा काढल्या, त्या अजून पोत्यात आहेत.

लाल उजेडाचा त्रास दंडपेशींना कमी होतो, म्हणून टॉर्च लाल करून आणा. पतंगाचा लाल कागद तीन-चार घड्या करून तोंडावर लावायचा आणि वर रबरबँड. एक घडी पुरत नाही, उजेड गुलाबीच राहतो. मोबाईल बंद करून बॅगेत ठेवलात तर उत्तम. आमच्या माळावर रेंज येते-जाते, त्यामुळं घरी आधीच सांगून या.

काय दिसेल

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, पण आकाश पुरतं काळं व्हायला सव्वासात-साडेसात होतात. तेवढ्या वेळात जेवण उरकायचं.

नोव्हेंबर-डिसेंबरच्या संध्याकाळी उत्तरेला उंचावर शर्मिष्ठा हा तारकासमूह असतो, इंग्रजी एम अक्षरासारखा. तिच्या आधारानं शेजारच्या देवयानी तारकासमूहातली दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दुसरा प्रचंड समूह, शोधायची. नुसत्या डोळ्यांना ती धुरकट डागासारखी दिसते. तिच्याकडं थेट बघू नका, जरा बाजूला बघा, म्हणजे ती जास्त स्पष्ट होते. डोळ्याच्या कडेला दंडपेशी जास्त असतात म्हणून. तो डाग सुमारे 25 लाख प्रकाशवर्षं दूर आहे. कृत्तिकांचा पुंजका त्या मानानं घरचाच, 440 प्रकाशवर्षांच्या आसपास. म्हणजे आज तुमच्या डोळ्यात शिरणारा त्याचा उजेड निघाला, तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्म व्हायचा होता.

मृग म्हटलं की आपल्याला जून आठवतो, पाऊस आणि पेरणी. आकाशातला मृग त्या दिवसांत दिसत नाही, कारण 7-8 जूनला सूर्यच मृग नक्षत्रात जातो आणि त्याच्या झगमगाटात ते तारे हरवतात. मृग बघायचा तो थंडीत. जानेवारी-फेब्रुवारीत तो रात्री नऊला डोक्याजवळ असतो. मधले तीन तारे ओळीत, खाली व्याध, आणि व्याधाच्याही खाली दक्षिणेला एकटा अगस्ती. व्याधाखालोखाल तेजस्वी तारा हाच. तो आपल्याकडून क्षितिजाच्या वर साधारण 20 अंशांपर्यंत चढतो, दिल्लीकरांना जेमतेम डोंगराआडून डोकावल्यासारखा दिसतो. दक्षिणेकडं राहण्याचा हा फायदा.

तोटाही आहे. ध्रुव सगळ्यांना बघायचा असतो, आणि तो बघून सगळे नाराज होतात. ध्रुव काही फार तेजस्वी नाही, आणि आपल्याकडून तो फार उंचही नसतो. ज्या गावाचा अक्षांश जेवढा, तेवढ्या अंशांवर ध्रुव. आपल्याकडं 16-17 अंश. हात ताठ लांब करून मूठ धरली की ती साधारण 10 अंश भरते. उत्तर क्षितिजापासून पावणेदोन मुठी मोजा, तिथं तो असेल.

गेल्या फेब्रुवारीत एक आजी नातवंडांबरोबर आल्या होत्या. आमचा मुलगा लेझरनं सप्तर्षी दाखवत होता, तर त्या म्हणाल्या, "ही तर म्हातारीची बाज. आन ह्ये तीन चोर. आमच्या दारातनं रोज दिसायचं की हे समदं." पुढचा अर्धा तास लेझर बंद आणि आजी सुरू.

एप्रिलच्या अखेरीस रात्री दहाच्या सुमाराला दक्षिणेला अगदी खाली त्रिशंकू हा छोटा तारकासमूह उभा राहतो, शेजारी नरतुरंग तारकासमूहातले मित्र आणि मित्रक हे दोन तारे. हवा स्वच्छ असेल तरच. आकाशगंगेचा सगळ्यात दाट पट्टा, वृश्चिक-धनूकडचा, संध्याकाळी चांगला असतो तो ऐन पावसाळ्यात, म्हणून आपल्या नशिबी तो नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठण्याची तयारी असेल तर दिसतो. चार वाजता आम्ही हाक मारू. दोन हाका मारतो, तिसरी मारत नाही.

दुर्बीण आठ इंची आरशाची आहे. गुरू आणि त्याचे चार चंद्र, शनीची कडी, मृगातला तेजोमेघ, हे त्या-त्या दिवसांत आकाशात असेल तसं दाखवतो. शनी दिसतो तो हरभऱ्याच्या दाण्याएवढा. तेजोमेघ राखाडी दिसतो, गुलाबी-जांभळा नाही. फोटोतले रंग कॅमेऱ्यानं बराच वेळ उजेड साठवून काढलेले असतात. मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाही. इंटरनेटवरचे फोटो बघून येऊ नका, आणि बघितलेत तर विसरून या.

जेवण, शेकोटी, रात्र

मटण आहे, आधी सांगितलं तर. न सांगितल्यास झुणका, भाकरी, खर्डा, दही, कांदा आणि आमटी-भात. साडेसातला चूल विझते. त्यानंतर थर्मासमधला चहा.

शेकोटी नाही. यावरून सगळ्यात जास्त रुसवेफुगवे होतात, पण जाळामुळं डोळ्यांची अंधाराची तयारी जाते आणि वाळल्या गवताच्या माळावर एक ठिणगी वणव्याला पुरते. थंडीसाठी प्रत्येकाला घोंगडं देतो. अंग टोचतं, पण वरून दव पडलं तरी आत ओल लवकर येत नाही. पहाटे तंबू पावसात भिजल्यासारखा निथळत असतो. कानटोपी, जाड मोजे आणि बंद बूट तुमचे तुम्ही आणा. सँडलवर आलेल्यांना रात्री फिरू देत नाही. या भागात गवे आहेत, साप आहेत, बिबट्याही आहे. तंबूपासून लांब जायचं तर आमच्यातला एक जण सोबत घ्या, मग दोन वाजलेले असोत की चार. दारू पिऊन आलेल्यांना घेत नाही आणि तिथं पिऊ देत नाही. मोठा स्पीकरही घरीच ठेवा. एक गाडी आणि चालक रात्रभर तयार असतो, कुणाला बरं वाटेनासं झालं तर लगेच निघता येतं.

दुपारी तीनला रंकाळ्यावरून निघतो. मागून स्वतःच्या गाडीनं येणार असाल तर अंधार पडायच्या आत पोहोचा. हंगामात हळदी-परितेच्या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या असतात, आणि मागं रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अंधारात अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही.

ढग आले तर

आकाश आमच्या हातात नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही अंदाज बघून फोन करतो. ढग पक्के असतील तर मुक्काम रद्द आणि सगळे पैसे परत, किंवा पुढची तारीख, तुम्ही म्हणाल तसं. तिथं गेल्यावर अचानक आभाळ भरून आलं तर जेवण आणि गाडीचा खर्च धरून उरलेले अर्धे परत देतो. दोन तास ढग आणि नंतर मोकळं आकाश, असं झालं तर काही परत मिळत नाही. आमच्या दोन-तीन सगळ्यात सुंदर रात्री अशाच होत्या.

दर आणि या हंगामाच्या तारखा सोबतच्या वेगळ्या कागदावर आहेत. सकाळी दहापर्यंत रंकाळ्यावर परत सोडतो. निघताना सामान मोजून घ्या. मागच्या हंगामातल्या तीन कानटोप्या, एक चष्म्याचं घर आणि डाव्या पायाचा एक बूट आमच्याकडं पडून आहे, ज्यांचं असेल त्यांनी घेऊन जावं.