करमणूक की मनोरंजन?

एम.ए.च्या तोंडी परीक्षेत मी 'करमणूक' चालवणाऱ्या कादंबरीकार हरि नारायण आपट्यांना 'मनोरंजन'चे संपादक करून टाकलं होतं. परीक्षक हसून म्हणाले, "हरिभाऊंनी इतकी वर्षं करमणूक केली, आता मनोरंजनही त्यांच्याच गळ्यात घालता का?" चूक लाजिरवाणी होतीच, पण थोडा दोष नावांचाही आहे. दोन्ही शब्दांचा अर्थ एक, दोन्ही नियतकालिकं गोष्टींवर जगलेली आणि काळही पुष्कळसा तोच.

'करमणूक' पुण्याचं साप्ताहिक. हरिभाऊंनी ते १८९० साली काढलं आणि १९१७ पर्यंत चालवलं. 'मासिक मनोरंजन' मुंबईचं, नावाप्रमाणे महिन्याला निघणारं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ते १८९५ मध्ये सुरू केलं. (मित्र मूळचे आजगावकर. बंगाली साहित्याचं वेड एवढं, की आडनावच बंगाली करून घेतलं.) मित्र १९२० साली गेले, पण मासिक १९३५ पर्यंत निघत राहिलं.

मराठी कथेच्या इतिहासात आधी 'करमणूक कालखंड' येतो आणि १९१०च्या सुमारास 'मनोरंजन कालखंड' सुरू होतो. त्यामुळे एक बंद पडलं म्हणून दुसरं निघालं, असं पुष्कळांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. प्रत्यक्षात दोघं तब्बल बावीस वर्षं शेजारी शेजारी चालली होती. बदलली ती गोष्ट, आणि ती का बदलली याचं बरंचसं उत्तर मला आठवडा आणि महिना या हिशेबातच दिसतं.

वाचकाला सात दिवस ताटकळत ठेवता येतं. पुढच्या आठवड्यात अंक येईपर्यंत मागचं प्रकरण मनात ताजं असतं, घरात त्यावर बोलणं चाललेलं असतं. 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी १८९० ते १८९३ अशी 'करमणुकी'तून हप्त्याहप्त्याने आली. तो काळ पाहा. १८९१ साली संमतिवयाचा, म्हणजे मुलींशी शरीरसंबंधाचं किमान वय वाढवणारा, कायदा झाला, त्यावरून पुण्यातली वर्तमानपत्रं एकमेकांवर तुटून पडली होती. त्याच दिवसांत यमू नावाची मुलगी स्वतःच्या तोंडून आपलं लग्न, सासर, वैधव्य आणि जबरदस्तीचं केशवपन सांगत होती. अग्रलेखात जे वादाचं कलम होतं, ते इथे ओळखीच्या मुलीचं दुखणं होऊन आठवड्यामागून आठवडे घरात येत राहिलं. एका बैठकीत वाचून संपणाऱ्या पुस्तकाला हे साधलं नसतं असं मला वाटतं. 'उषःकाल'सारखी ऐतिहासिक कादंबरीही याच साप्ताहिकातून क्रमशः आली.

या कादंबऱ्यांच्या मधूनमधून हरिभाऊ छोट्या गोष्टीही लिहीत. त्यांना नाव होतं 'स्फुट गोष्टी'. स्फुट म्हणजे सुटी, मुख्य मालातून बाजूला पडलेली. नावातच तिचा मान कळतो: घरची मालकीण कादंबरी, ही पाहुणी. दुष्काळावरची 'काळ तर मोठा कठीण आला' वाचताना आजही जाणवतं, की लेखकाचा हात कादंबरीचा आहे. पसरट, सावकाश, माणसांच्या मागेपुढे रेंगाळणारा. मला ही गोष्ट तिच्या पसरटपणासकट आवडते.

मासिकाचं गणित वेगळं. तीस दिवसांत वाचक धागा विसरतो. 'मनोरंजना'तही क्रमशः कादंबऱ्या आल्या, वामन मल्हार जोशींची 'रागिणी' त्यातलीच. पण मासिकाचा खरा शिक्का बसला तो 'संपूर्ण गोष्ट' या शब्दांवर. त्याच अंकात सुरू आणि त्याच अंकात खलास, पुढच्या महिन्याची उधारी नाही, असं ते वाचकाला दिलेलं वचन होतं. ते विठ्ठल सीताराम गुर्जरांनी सगळ्यात जास्त पाळलं. बंगालीतल्या प्रभातकुमार मुखोपाध्यायांच्या कथांवरून त्यांनी पुष्कळ उचललं, पण त्या अशा मराठमोळ्या केल्या की वाचकाला परकं काही वाटू नये. गैरसमज, योगायोग, थोडं प्रेम, थोडी थट्टा आणि शेवटी कलाटणी. आज त्यातलं बरंच भाबडं वाटतं. तरी गोष्ट कुठे थांबवायची, हे मराठी कथा तिथे शिकली. 'स्फुट' ते 'संपूर्ण', एवढ्या दोन शब्दांत पाहुणी घरधनीण झाली.

आणखी एक फरक. 'करमणूक' म्हणजे मुख्यतः हरिभाऊंची लेखणी. मित्रांचं बळ लेखक जमवण्यात होतं, आणि पुष्कळ हात जमवल्याशिवाय विशेषांक निघत नाहीत. त्यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. मराठीतला पहिला दिवाळी अंक म्हणून त्याचंच नाव घेतात.

राहता राहिली माझी तोंडी परीक्षा. पुढे कधीतरी कळलं, की मित्रांच्या आधीही एक 'मनोरंजन' होतं. पूर्ण नाव 'मनोरंजन आणि निबंधचंद्रिका'. हरिभाऊंची 'गणपतराव' ही कादंबरी त्यातच येऊ लागली होती, 'करमणूक' निघण्याच्या आधी. ती अपुरीच राहिली. म्हणजे हरिभाऊ 'मनोरंजना'त होते, संपादक म्हणून नव्हे आणि त्या 'मनोरंजना'त नव्हे, एवढंच. परीक्षकांना हे सांगायची संधी मात्र हुकली.