शारीरिक तंदुरुस्ती : प्रौढांचे मन आणि रोजचे जगणे

शारीरिक तंदुरुस्ती म्हणजे दिवसभराची कामे उरकल्यावरही आवडीच्या गोष्टींसाठी आणि अवचित उभ्या राहिलेल्या प्रसंगासाठी अंगात बळ शिल्लक असण्याची स्थिती. या व्याख्येत सगळा भार ‘शिल्लक’ या शब्दावर आहे. ‘निरोगी’ आणि ‘तंदुरुस्त’ हे शब्द बोलताना एकमेकांच्या जागी येतात, पण ते एक नव्हेत. रक्ततपासणीचे सगळे आकडे जागच्या जागी असलेला माणूस दोन जिने चढून धापा टाकतो, तर वर्षानुवर्षे मधुमेहाच्या गोळ्या घेणारा दुसरा कुणी तेच जिने बोलत बोलत चढून जातो.

कॅस्परसन, पॉवेल आणि क्रिस्टेन्सन या अभ्यासकांनी १९८५ मध्ये केलेली विभागणी आजही वापरात आहे. स्नायूंच्या बळावर होणारी, ऊर्जा खर्ची घालणारी कोणतीही क्रिया म्हणजे हालचाल. त्यातली ठरवून, नेमाने आणि शरीर कमावण्यासाठी केलेली हालचाल म्हणजे व्यायाम. तंदुरुस्ती ही मात्र क्रिया नसून अंगी असलेला गुण आहे. दमसास, स्नायूंची ताकद, त्यांचा चिवटपणा, सांध्यांची लवचीकता आणि शरीरातले चरबी-स्नायूंचे प्रमाण ही तिची नेहमीची अंगे मानतात. तोल आणि चपळाई पुष्कळदा पुरवणीत टाकली जातात. साठीनंतर हीच पुरवणी सर्वांत महत्त्वाची ठरते.

शिल्लक बळाचा हिशेब

स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन वापरते. या मापाला एक ‘मेट’ म्हणतात. सावकाश जिना चढायला सुमारे ४ मेट लागतात, तर हातात सामानाच्या पिशव्या घेऊन चढायला साडेसातच्या आसपास. आता एकाच मजल्यावर राहणारी दोन माणसे घेऊ. एकाची कमाल क्षमता ८ मेट आहे, दुसऱ्याची १२. जिना तोच, पिशव्याही तेवढ्याच. दुसरा आपल्या कुवतीचा दोन-तृतीयांशाहून थोडा कमी भाग वापरतो. पहिला मात्र अगदी काठावर आलेला असतो. मधल्या वळणावर तो कठडा धरून थांबतो. दारात पोचल्यावर किल्ली कुलपात एका झटक्यात जात नाही. तेवढ्यात आतून कुणी काही विचारले तर उत्तर तुटक येते. हा तुटकपणा घरात स्वभावाच्या खात्यावर जमा होतो, पण त्या घडीला तो निव्वळ श्वासाचा प्रश्न असतो.

बळ कमी पडू लागले की माणूस नकळत आपले जगणे आखडते घेतो. जड वस्तू खालच्या फडताळात ठेवणे बंद होते, कारण वाकून उठताना हात टेकावा लागतो. दूरचे काम ‘उद्या बघू’वर जाते, मुलांनी पळायचा आग्रह केला की गुडघ्याचे कारण पुढे येते. यातली एकही गोष्ट आजार नाही आणि त्यासाठी कुणी डॉक्टरकडे जात नाही. म्हणूनच ही घसरण वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही.

शरीराच्या आत घडते ते असे. नेमाने दमवणाऱ्या हालचालीने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागते, त्यामुळे विश्रांतीची नाडी मंदावते. स्नायूंतल्या केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि पेशींतल्या तंतुकणिका, म्हणजे ऊर्जा तयार करणारे घटक, वाढतात. काम करणारा स्नायू इन्शुलिनची वाट न पाहताही रक्तातली साखर आत ओढून घेतो. जेवणानंतरच्या फेरफटक्याने साखरेची चढ कमी होते ती यामुळेच.

मनावर होणारा परिणाम

व्यायामानंतर येणाऱ्या तरतरीचे श्रेय अनेक वर्षे एंडॉर्फिन या संप्रेरकाला दिले गेले. मात्र रक्तात वाढलेले एंडॉर्फिन मेंदूभोवतीचा अडसर सहजी ओलांडत नाही. त्यामुळे आता एंडोकॅनाबिनॉइड गटातल्या, तो अडसर पार करणाऱ्या द्रव्यांकडे अधिक लक्ष गेले आहे. चेतापेशींच्या वाढीला हातभार लावणारे बीडीएनएफ हे प्रथिनही व्यायामाने वाढते. मात्र एखाद्या रसायनाला सगळे श्रेय देऊन टाकण्याची घाई बरी नव्हे. मनावरचे परिणाम एकाच वाटेने येत नाहीत.

त्यातली एक वाट क्वचितच चर्चेत येते. चिंतेचा झटका येतो तेव्हा छाती धडधडते, घाम फुटतो, श्वास अपुरा वाटतो. ज्याला हे फक्त भीतीच्याच प्रसंगी माहीत आहे, त्याला धडधड म्हणजे संकट असेच वाटते. आठवड्यातून चार वेळा मुद्दाम धडधड ओढवून घेणाऱ्याला मात्र तीच खूण ओळखीची होते. ती वर जाते, थोडा वेळ राहते आणि आपोआप उतरते, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. व्यायामाने चिंता कमी होण्यामागे ही ओळख बरीच कारणीभूत असावी.

झोपेची वाट सर्वांच्या अनुभवातली आहे. अंग दमलेले असले की झोप लवकर लागते आणि गाढ लागते, आणि नीट झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी कमी चिडतो, लक्ष जास्त वेळ धरतो. उलटेही खरे : अपुऱ्या झोपेनंतर पहिला बळी व्यायामाचाच जातो.

नैराश्याबाबतचा एक गाजलेला प्रयोग जेम्स ब्लूमेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. पन्नाशी गाठलेल्या किंवा ओलांडलेल्या १५६ रुग्णांपैकी काहींना सरट्रालिन हे औषध दिले, काहींकडून आठवड्यातून तीनदा देखरेखीखाली व्यायाम करून घेतला, तर उरलेल्यांना दोन्ही दिले. चार महिन्यांनंतर तिन्ही गटांत जवळपास सारखीच सुधारणा होती. औषधाचा गुण मात्र लवकर दिसू लागला होता. या प्रयोगाचा आधार घेऊन ‘पळा आणि गोळ्या सोडा’ असे सांगणारे बरेच भेटतात, ते चुकीचे आहे. इथे आलेले रुग्ण व्यायामाची तयारी दाखवून आले होते, आणि गटात व्यायाम करताना माणसांची सोबतही मिळत होती. तीव्र नैराश्यात अंथरुणातून उठणेच जमत नाही. अशा माणसाला ‘जरा फिरून ये’ म्हणणे म्हणजे मोडक्या पायाला नाचायला सांगणे आहे. चालू औषध बंद करण्याचा निर्णय डॉक्टरांचाच.

स्मरणाच्या बाबतीत २०११ चा कर्क एरिक्सन यांचा अभ्यास नेहमी पुढे केला जातो. १२० वयस्कांपैकी निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून तीनदा चालण्याचा व्यायाम केला, निम्म्यांनी अंग ताणण्याचा. चालणाऱ्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा स्मरणाशी निगडित भाग सुमारे २ टक्क्यांनी वाढला, तर दुसऱ्या गटात तो थोडा आकसला. पुढच्या सर्वच अभ्यासांत अशी वाढ दिसली नाही, म्हणून ‘व्यायामाने मेंदू वाढतो’ हे वाक्य जपूनच वापरावे.

कारण कोणते, परिणाम कोणता

तंदुरुस्त माणसे आनंदी असतात, की आनंदी माणसांनाच व्यायाम सुचतो? हा पेच जुना आहे. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसमधल्या कर्मचाऱ्यांची पाहणी करून १९५३ मध्ये निष्कर्ष मांडले. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांना हृदयविकार जास्त होत होता, आणि जिन्यावरून सतत वर-खाली करणाऱ्या वाहकांना कमी. पण मुळात सुटलेल्या पोटाची माणसेच चालक होत असतील तर? उत्तर शोधायला मॉरिस आणि सहकारी गणवेशांच्या मापांकडे वळले. १९५६ मध्ये त्यांनी दाखवले की चालकांच्या विजारींचा कंबरेचा घेर तरुण वयातही वाहकांपेक्षा मोठा असे. म्हणजे शंका अगदीच खोटी नव्हती. तरीही सारख्या घेराच्या माणसांत तुलना केली तेव्हा वाहकांचेच पारडे जड राहिले. आरोग्यशास्त्रात शिंप्याच्या टेपने इतके काम क्वचितच केले असेल.

मनाच्या बाबतीत असा टेप नाही. खिन्न माणूस हलत नाही, आणि न हलल्याने आणखी खिन्न होतो. दोन्ही बाजू एकमेकींना ढकलतात. हे चक्र कोणत्याही बाजूने तोडता येते, हाच त्यातला दिलासा.

किती पुरे

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार १८ ते ६४ वयाच्या प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस हालचाल करावी, शिवाय दोन किंवा अधिक दिवस ताकदीचा व्यायाम करावा. ६५ नंतर तोलाचे व्यायामही जोडावेत. मध्यम म्हणजे बोलता येते पण गाता येत नाही, इतपत. पूर्वी सलग दहा मिनिटांची अट होती, ती आता गेली. त्यामुळे जिना, झाडलोट, पाणी भरणे हे सगळे हिशेबात येते. रोजच्या दहा हजार पावलांचा आकडा मात्र वैद्यकातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून तो जगभर गेला. त्याच्या निम्म्या पावलांनीही फायदा दिसू लागतो.

ताकदीकडे बहुतेक प्रौढ काणाडोळा करतात. मूठ किती घट्ट आवळता येते या साध्या मापाचा १७ देशांत अभ्यास झाला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुठीच्या जोरातील दर ५ किलोच्या घटीबरोबर मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढलेला आढळला. याचा अर्थ स्प्रिंग दाबत बसावे असा नव्हे. मूठ ही सगळ्या शरीराची खबर देते. उशीर झाला ही सबबही फारशी टिकत नाही. मारिया फियातारोने यांनी १९९० मध्ये नव्वदीच्या, वृद्धाश्रमातल्या अशक्त माणसांकडून आठ आठवडे वजनाचे व्यायाम करून घेतले, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

अतिरेकाचीही नोंद हवी. विश्रांतीविना वाढवत नेलेल्या सरावाने झोप उडते, चिडचिड वाढते, नाडी चढी राहते. एक दिवस चुकला तर अपराधी वाटणे, दुखत असताना पळणे, ही बळाची नव्हे तर व्यसनाची लक्षणे आहेत.

घट आणि भरपाई

१९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे पाच निरोगी, विशीतल्या तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा तीन दशकांच्या वयाने केलेले नुकसान त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाहून कमी भरले. मधल्या काळात त्यांच्या शरीरातली चरबी मात्र जवळपास दुप्पट झाली होती. मग त्यांना सहा महिने चालणे, हळू पळणे आणि सायकल असा व्यायाम हळूहळू वाढवत दिला. पन्नाशीतले ते पाचही जण सरासरीने आपल्या विशीतल्या, प्रयोगापूर्वीच्या पातळीवर परत आले. पण त्या वेळी अंथरुणानंतर कसून सराव करून त्यांनी जी उंची गाठली होती, तिथे त्यांच्यापैकी एकही पोचला नाही.