फोर्ट युनियन कोणता? व्यापाऱ्यांचा की लष्कराचा?

अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसकडे फोर्ट युनियन नावाची दोन स्थळे आहेत. एक नॉर्थ डकोटात, मिसुरी आणि यलोस्टोन या नद्यांच्या संगमाजवळ. दुसरे न्यू मेक्सिकोत, सांता फे ट्रेल या जुन्या व्यापारी मार्गावर. दोन्हींत हजार किलोमीटरहून अधिक अंतर आहे, म्हणून फोनच्या नकाशात पूर्ण नावच शोधावे: उत्तरेच्या स्थळासाठी ‘फोर्ट युनियन ट्रेडिंग पोस्ट’, दक्षिणेच्या स्थळासाठी ‘फोर्ट युनियन नॅशनल मॉन्युमेंट’.

खरा घोटाळा मात्र पाहताना होतो. उंच लाकडी तटबंदी, दोन कोपऱ्यांत दगडी बुरूज, भक्कम दरवाजा असा जो हुबेहूब किल्ला दिसतो, ती उत्तरेतली, व्यापाऱ्यांची वखार होती. दक्षिणेतल्या लष्कराच्या ठाण्याला, त्याच्या शेवटच्या रूपात, तट नव्हताच.

वखार अमेरिकन फर कंपनीने १८२८ मध्ये उभारली. असिनिबॉइन, क्री, क्रो, ब्लॅकफीट या मूळनिवासी जमातींचे लोक रानगव्यांची कमावलेली कातडी आणत आणि कापड, मणी, भांडी, बंदुका नेत. तट होता तो मालासाठी. दरवाजाची रचना नीट पाहा: बाहेरचा आणि आतला असे दोन दरवाजे, आणि त्यांच्यालगत व्यापारगृह. सौदा चालू असताना आतला दरवाजा बंद ठेवला की गिऱ्हाईक व्यापारगृहापर्यंत येई, गोदामापर्यंत नाही. नदीतून येणारा सगळा माल मात्र भल्याचाच नव्हता. १८३७ साली आगबोटीबरोबर देवीची साथ आली आणि या प्रदेशातल्या जमातींमध्ये हाहाकार उडाला. ही गोष्ट समजून न घेता नुसती दुकानाची मांडणी पाहून परतू नये.

आज दिसणारे लाकूड मूळचे नाही. १८६७ मध्ये लष्कराने वखार विकत घेतली आणि जवळच्या फोर्ट ब्यूफोर्डच्या बांधकामासाठी ती उतरवली. जमिनीत उरले ते पाये. १९८०च्या दशकात उत्खनन करून ते मोकळे केले गेले, आणि त्यांच्या जोडीला कार्ल बोडमर, रुडॉल्फ कुर्त्झ यांची त्या काळी जागेवर काढलेली चित्रे होती. त्यामुळे भिंती कुठे होत्या हे अंदाजाने ठरवावे लागले नाही. तरी भेद लक्षात ठेवा: प्रमुखाचे घर, म्हणजे बूर्ज्वा हाउस, बाहेरून १८५१च्या सुमाराचे दिसते, पण आत आजचे माहिती केंद्र आहे. जुन्या काळाप्रमाणे सजवलेले आहे ते व्यापारगृह. वेळ थोडा असेल तर तिथेच द्यावा.

जाण्यासाठी सोयीचे गाव विलिस्टन, सुमारे २५ मैलांवर. वाहनतळ मोंटानात आणि वखार नॉर्थ डकोटात आहे, त्यामुळे फोनचे घड्याळ एक तास मागेपुढे होते. स्थळाचा कारभार नॉर्थ डकोटाच्या बाजूच्या, म्हणजे एक तास पुढच्या, सेंट्रल वेळेने चालतो. मोंटानाच्या बाजूने येणारे नेमके इथे फसतात आणि बंद होण्याच्या वेळेला पोहोचतात.

न्यू मेक्सिकोचे ठाणे १८५१ मध्ये सांता फे ट्रेलच्या रक्षणासाठी वसले. पहिले लाकडी, १८६१ मध्ये दुसरे मातीच्या बांधांचे, ताऱ्याच्या आकाराचे, आणि १८६३ पासून तिसरे, कच्च्या विटांचे. हे तिसरे म्हणजे नैऋत्येकडच्या लष्करी ठाण्यांना रसद पुरवणारे मोठे कोठार. रेल्वे आल्यावर त्याची गरज सरली आणि १८९१ मध्ये ते सोडले गेले. छप्पर गेले की कच्च्या विटेची भिंत पावसात विरघळते. इथल्या भिंती तशाच खचल्या. इथे पुनर्बांधणी केलेली नाही. उरलेले जपण्यासाठी मातीचा लेप पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. म्हणून भिंतीला टेकू नका, मुलांना चढू देऊ नका.

इंटरस्टेट २५ या महामार्गावरून ३६६ क्रमांकाच्या फाट्याने बाहेर पडून आठ मैल आत जायचे. उंची दोन हजार मीटरच्या आसपास आणि सावली जवळजवळ नाही, तेव्हा पाणी आणि टोपी हवीच. पायवाट सोडू नका, गवतात रॅटलस्नेक हे विषारी साप असतात. मुक्काम लास वेगासला करणार असाल तर आरक्षण करताना राज्य तपासा: इथले लास वेगास न्यू मेक्सिकोतले आहे, नेवाडातले नव्हे.