तुमच्या घटपर्णीचं मूळ घर

घटपर्णी हे कीटकभक्षी झाड घेणारे बहुतेकजण आधी विचारतात, हिला माश्या कुठून आणायच्या? त्यापेक्षा ती रानात कुठे वाढते हे कळलं, की निगा कशी राखायची हे वेगळं सांगावं लागत नाही.

भारतात रानात घटपर्णीची एकच जात सापडते, नेपेंथिस खासियाना. तीही मेघालयातल्या गारो, खासी आणि जैंतिया टेकड्यांवर. बाघमारा इथे खास तिच्यासाठी राखलेलं छोटं अभयारण्य आहे. या टेकड्यांवर पाऊस इतका कोसळतो की मातीतलं पोषण धुऊन जातं. उरते ती आम्लधर्मी, कसहीन जमीन. अशा जागी लागणारं नत्र घटपर्णी कीटकांकडून मिळवते.

तिचं पान नीट पाहा. मधली शीर टोकाच्या पुढे लांबते, तिचा ताणा होतो आणि ताण्याच्या टोकाला घट फुगतो. घटाच्या तोंडाशी गोड रस असतो. कड ओली झाली की मुंगीचा पाय घसरतो आणि ती थेट तळाच्या पाचक रसात पडते. झाकण मात्र मिटत नाही. रस पावसाने पातळ होऊ नये म्हणून ते छत्रीसारखं वर असतं.

बोर्निओ, सुमात्रा, फिलिपाइन्स इथे सर्वांत जास्त जाती आहेत. श्रीलंका आणि मादागास्करमध्येही काही आहेत. महाराष्ट्रात रानटी घटपर्णी नाही. पण कासच्या पठारावर जांभ्यावरच्या पातळ, निकस मातीत दवबिंदू आणि सीतेची आसवं ही कीटकभक्षी झाडं अशीच कीटकांच्या जोरावर तग धरतात.

आमच्याकडची रोपं फिलिपाइन्समधल्या दोन जातींच्या संकराची आहेत. त्यांना बागेची माती, शेणखत, बोअरचं पाणी यांतलं काहीही देऊ नका, मुळं जळतात. स्फॅग्नम मॉस (एक प्रकारचं शेवाळ) आणि पर्लाइट (हलके पांढरे खनिज दाणे), पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं पाणी आणि भरपूर उजेड एवढं पुरे. दुपारचं कडक ऊन टाळा. उन्हाळ्यात नव्या पानाच्या टोकाचा घट फुगण्याआधीच वाळू लागला, तर हवा कोरडी पडली आहे असं समजा. घटात मटणाचे तुकडे घालू नका, आतून सडतो.

मेघालयातली जात धोक्यात आहे आणि कायद्याने संरक्षित आहे. रानातून उपटलेलं रोप आम्ही घेत नाही, विकत नाही. 'अस्सल रानातली' म्हणून कोणी देऊ केली तर कृपया घेऊ नका. आमचं रोप कुठे तयार झालं हेही जरूर विचारा. बिलावर लिहून देऊ.