निम्म्या पेशी मेल्या? आधी शून्य तासाचा आकडा दाखवा

‘अमुक वनस्पतीच्या मिथेनॉल अर्काने कर्करोगाच्या ५० टक्के पेशी मारल्या.’ एम.एस्सी.च्या प्रबंधात हे वाक्य असतं, फार्मसीच्या पोस्टरवर असतं, आणि तिथून ते थेट वर्तमानपत्राच्या मथळ्यात जातं. मागचा प्रयोग उघडून पाहावा, तर पेशी मेल्या की नाही हे कुणी तपासलेलंच नसतं. त्यांची वाढ कमी झाली, एवढंच मोजलेलं असतं. आता हे वाचून वैताग येतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

पेशी किती जिवंत आहेत हे रंगावरून मोजणारी एमटीटी चाचणी तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे भरभर जाऊ. १९८३ साली मॉसमनने मांडलेली पद्धत. पिवळं एमटीटी घाला, जिवंत पेशींतली विकरं त्याचं जांभळं फॉर्मेझान करतात, ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवा, ५७० नॅनोमीटरला प्लेट वाचा, म्हणजे रंग किती गडद ते यंत्रावर मोजा. ज्या मात्रेला रंग कंट्रोलच्या, म्हणजे औषध न घातलेल्या पेशींच्या, निम्मा होतो ती आयसी-५०. इथवर सगळं ठीक. गाडी रुळावरून घसरते ती पुढच्या ओळीत, ‘म्हणजेच निम्म्या पेशी मेल्या’ या वाक्याला.

आकडे घेऊनच बघा. समजा, औषध घातलं त्या क्षणी, म्हणजे शून्य तासाला, वेलचं (प्लेटमधल्या एका खळग्याचं) वाचन ०.३० होतं. ४८ तासांत कंट्रोलच्या पेशी दोनदा दुप्पट झाल्या, वाचन १.२० झालं. औषधाच्या वेलमध्ये ०.६० आलं. कंट्रोलच्या निम्मं, म्हणून आयसी-५०. पण सुरुवात ०.३० ने झाली होती ना? मग औषध अंगावर असतानाही या वेलमधल्या पेशी दुप्पट झाल्या! तुम्ही ज्यांना निम्म्या मेलेल्या म्हणता, त्या दोन दिवसांत दुपटीने वाढल्यात. पगारवाढ निम्मी मिळाली म्हणून कुणी पगार कापला असं म्हणत नाही, पण प्रयोगशाळेत हे सर्रास चालतं.

आणखी खाली या. वाचन ०.३० आलं, तर ‘व्हायबिलिटी (जिवंत पेशींचं प्रमाण) २५ टक्के’ आणि लगोलग ‘७५ टक्के पेशी नष्ट’. प्रत्यक्षात गोळाबेरीज शून्य: जितक्या होत्या तितक्याच आहेत. सुरुवातीच्या निम्म्या पेशी खरोखर गेल्या असं म्हणायला वाचन ०.१५ पर्यंत उतरायला हवं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने, म्हणजे एनसीआयने, १९९० च्या सुमारास ६० पेशीमालिकांची (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींच्या वाणांची) चाचणी उभी केली तेव्हा हा घोळ ओळखूनच तीन वेगळे आकडे ठरवले. जीआय-५०, वाढ निम्मी होते ती मात्रा. आपल्या उदाहरणात वाचन ०.७५. टीजीआय, वाढ पूर्ण थांबते ती मात्रा, वाचन ०.३०. एलसी-५०, सुरुवातीच्या पेशी निम्म्या होतात ती मात्रा, वाचन ०.१५. गणितातली खुबी छेदात आहे. वाचन सुरुवातीपेक्षा जास्त असेल तर भागायचं वाढीने, कमी असेल तर सुरुवातीच्या पेशींनी. दोन्हीकडे शून्य तासाचं वाचन लागतंच. त्यासाठी एक जादा प्लेट टाकायची आणि बाकीच्या प्लेटमध्ये औषध घालताना ती तिथेच थांबवायची. एवढ्याशा कामाला लोक का कंटाळतात, हे मला अजून कळलेलं नाही.

वनस्पतीजन्य संयुगांत हा गोंधळ जास्त महाग पडतो, कारण यातली नामांकित मंडळी नेमकी पेशीविभाजनावर घाव घालतात. सदाफुलीतलं व्हिन्ब्लास्टिन, कळलावीतलं कोल्चिसिन, दोघंही ट्यूब्युलिनला (विभाजनाचे धागे ज्याचे बनतात त्या प्रथिनाला) धरतात आणि पेशी विभाजनाच्या अर्ध्यावर अडकते. ती लगेच मरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहा: एरवी तळाला पसरून चिकटलेली पेशी मण्यासारखी गोल होते आणि तिची पकड सुटत येते. आता एमटीटीच्या शेवटी तुम्ही पिपेटने माध्यम ओढून काढता. त्याबरोबर या सैल पेशीही निघून सिंकमध्ये जातात, आणि वहीत त्यांची नोंद ‘मृत’ अशी होते. म्हणून चिकटून वाढणाऱ्या पेशींसाठी मला एसआरबी पसंत आहे, म्हणजे पेशींतली प्रथिनं रंगवून मोजणारी चाचणी. तिथे माध्यम न काढता वरून थंड टीसीए (पेशी जागच्या जागी गोठवणारं आम्ल) हळूच सोडतात. पेशी होत्या तिथे बसतात, मग धुणं आणि रंगवणं. शून्य तासाची प्लेटही टीसीएने थांबवून ठेवता येते आणि बाकीच्यांबरोबर रंगवता येते. ही सोय एमटीटीत नाही, कारण तिथे रंग जिवंत पेशीकडूनच काढून घ्यायचा असतो.

नरक्याचं उदाहरण याहून बोलकं. सह्याद्रीतल्या या झाडात कॅम्पटोथेसिन भरपूर असतं. (हे संयुग मुळात चिनी झाडातून वेगळं केलं ते मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारात जन्मलेल्या मनसुख वाणी यांच्या गटाने, १९६६ साली. टॅक्सॉलही याच जोडीचं, १९७१. आपल्याकडे हे किती जणांना ठाऊक असतं?) कॅम्पटोथेसिन डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज-१ या विकराला डीएनएवर अडकवतं, आणि नुकसान मुख्यतः डीएनएची प्रत काढत असलेल्या पेशींचं होतं. ज्या पेशी त्या टप्प्यात नाहीत त्या थोड्या वेळाच्या माऱ्यातून बऱ्याचदा वाचतात. तेव्हा एकाच वेलमध्ये काही मेल्या, काही थांबल्या, काही वाढल्या, आणि रीडर तुम्हाला देतो एकच आकडा. शून्य तासाचं वाचनही इथे फक्त बेरीज-वजाबाकीचा शेवट सांगतं. ‘मारल्या’ असंच लिहायचं असेल तर मेलेल्याच पेशींत शिरणारा ट्रिपॅन ब्ल्यू हा रंग घालून मोजा, किंवा मरू लागलेल्या पेशींना चिकटणाऱ्या ॲनेक्सिनने रंगवून फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे पेशी एकेक करून तपासणाऱ्या यंत्रावर, टाका.

बाकीचे गोंधळ किरकोळ. अर्क आणि शुद्ध संयुग एक नव्हे. अर्काचा आकडा मायक्रोग्रॅममध्ये येतो, संयुगाचा मायक्रोमोलरमध्येही द्या. १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरला परिणाम दाखवणाऱ्या अर्काला ‘प्रभावी’ म्हणू नका. आणि पॉलिफेनॉलवाले अर्क पेशी नसतानाही एमटीटी जांभळं करतात, तेव्हा नुसत्या अर्काचा वेल ठेवा.

पण एक गोष्ट किरकोळ नाही, आणि ती याच चुकीची लेक आहे: ‘सिलेक्टिव्हिटी’. कर्करोगाच्या पेशींचा आयसी-५० कमी, सामान्य पेशींचा जास्त, म्हणून संयुग निवडक, असं लिहितात. वरचेच आकडे घ्या. कर्करोगाची मालिका ४८ तासांत ०.३० वरून १.२० वर गेली. सामान्य फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या पेशी) संथ, ते ०.३० वरून ०.३६ वर गेले. समजा संयुगाने दोघांचीही वाढ पूर्ण थांबवली आणि एकही पेशी मारली नाही. दोन्हीकडे वाचन ०.३०. पहिलीकडे व्हायबिलिटी २५ टक्के, दुसरीकडे ८३. संयुगाने दोघींना अगदी सारखं वागवलं, निवड केली ती तुमच्या छेदाने! वाढीच्या वेगामुळे येणारा हा दोष काढून टाकणारी मोजमापं हार्वर्डच्या एका गटाने २०१६ मध्ये मांडली, पण शून्य तासाचं वाचन असेल तर अर्धं काम त्याआधीच होतं. (आणि एचईके-२९३ या मानवी पेशीमालिकेला ‘सामान्य पेशी’ म्हणणं आता बंद करा. त्या ॲडिनोव्हायरसचा डीएनए घालून अमर केलेल्या पेशी आहेत.)

नवी मुंबईत खारघरच्या ॲक्ट्रेककडे (टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्राकडे) नमुना पाठवला तर एसआरबीचा अहवाल जीआय-५०, टीजीआय आणि एलसी-५० अशा तिन्ही रकान्यांसह येतो. तिथली सर्वांत मोठी मात्रा सहसा ८० मायक्रोग्रॅम असते, आणि अर्कांच्या एलसी-५० च्या रकान्यात पुष्कळदा ‘>८०’ दिसतं. म्हणजे सर्वांत मोठ्या मात्रेलाही सुरुवातीच्या निम्म्या पेशी गेल्या नाहीत. प्रबंधात मात्र पहिला रकाना तेवढा उतरवला जातो, जीआय खोडून आयसी केलं जातं, आणि खाली लिहिलं जातं: ‘अर्काने पेशी मारल्या.’ परीक्षक असाल तर मूळ अहवाल मागवा आणि तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवा.