रोजची दहा हजार पावलं

दहा हजार पावलं : तब्येत राखायची तर दिवसभरात एवढं चालायला हवं, असं जगभर सांगितलं जाणारं टार्गेट. अंतरात साधारण सात-आठ किलोमीटर भरतं, उंची आणि ढांगेप्रमाणे कमीजास्त. घड्याळ, मोबाईल, हेल्थ ॲप सगळीकडे हा आकडा दिसतो, त्यामुळे तो कसा वापरायचा हे वेगळं सांगायला नको, वाद आहे तो आला कुठून याचा.

उगम जपानात, एवढ्यावर एकमत आहे. यामासा नावाच्या उपकरणं बनवणाऱ्या कंपनीनं कमरेला अडकवायचा पेडोमीटर बाजारात आणला, नाव ‘मान्पो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. साल बहुतेक ठिकाणी १९६५ दिलेलं असतं, क्वचित १९६४ पण दिसतं, म्हणजे टोकियो ऑलिंपिकच्या आगेमागेच. पावलं मोजायची कल्पना मात्र फार जुनी, लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांतसुद्धा तसल्या यंत्राचं चित्र आहे. आकडा कोणी ठरवला यावर मतं वेगळी. एक मत, तो निव्वळ जाहिरातीसाठी घेतलेला गोल आकडा. दुसरं, एका डॉक्टरनं कंपनीला तसं सुचवलं. तिसरं मत श्रेय देतं योशिरो हातानो या संशोधकांना, त्यांचा हिशोब असा की सामान्य जपानी माणूस रोज साडेतीन ते पाच हजार पावलं चालतो, ती दहा हजारांवर नेली तर तीनशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात.

हा तीनशेचा हिशोब पुढे फार उचलला गेला, कारण आठवड्याचे होतात दोन हजारांवर आणि अमेरिकेत पॅफेनबार्गर या संशोधकांनी हार्वर्डच्या माजी विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात आठवड्याला दोन हजार कॅलरी व्यायामात घालवणाऱ्यांना हार्ट अटॅक कमी येताना दिसले होते. जुळणी छान आहे, पण तो अभ्यास छापून आला १९७८ ला आणि मीटर विकलं जात होतं त्याच्या बऱ्याच आधीपासून, त्यामुळे आकडा आधी आणि पुरावा मागाहून, हेच जास्त पटतं.

जुन्या पेडोमीटरच्या आत स्प्रिंगवर तोललेली एक छोटी दांडी असते, पाऊल पडलं की कंबर हलते, दांडी खाली आपटते आणि एक आकडा पुढे सरकतो. कंबरपट्ट्याला, गुडघ्याच्या सरळ रेषेत वर, उभा लावला तर ठीक मोजतो. पोटामुळे तिरका झाला किंवा माणूस सावकाश पाय ओढत चालला की पावलं सुटतात, उलट खडबडीत रस्त्यावर गाडीत बसल्या बसल्या वाढतात. म्हणून वापरण्याआधी वीस पावलं मोजून चालायची आणि मीटरशी ताडून बघायची. मोबाईलमधला सेन्सर याहून हुशार, पण फोन टेबलावर राहिला तर तोही काय करणार.

अख्ख्या देशाची पावलं सरकारी सर्व्हेत नियमित मोजायचं काम जपाननं केलं. तिथल्या राष्ट्रीय पोषण पाहणीत १९८९ पासून पावलांची नोंद होते, तीही नोव्हेंबरातल्या एकाच दिवसाची, म्हणजे ऋतूचा फरक त्यात येत नाही. २००० साली सुरू झालेल्या ‘आरोग्य जपान २१’ कार्यक्रमात पुरुषांना ९,२०० आणि बायकांना ८,३०० असं टार्गेट होतं, सरासरी सुमारे ८,२०० आणि ७,३०० वरून हजारभर वाढवायची म्हणून. दशकाअखेर ती वाढायच्या ऐवजी हजाराच्या जवळपास घटली, तेही जिथे हा आकडा जन्मला त्या देशात!

फायदा नेमका किती पावलांवर थांबतो यावर २०१९ नंतर बरंच काम झालं. आय-मिन ली या संशोधिकेच्या १६,७४१ वयस्क बायकांवरच्या अभ्यासात २,७०० पावलंवाल्यांपेक्षा ४,४०० वाल्यांत मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी निघालं आणि ७,५०० च्या पुढे फारसा फरक उरला नाही. २०२२ च्या एकत्रित विश्लेषणात साठीपुढच्यांसाठी ६,००० ते ८,००० आणि साठीच्या आतल्यांसाठी ८,००० ते १०,००० पावलांवर मृत्यूचा धोका आणखी कमी होणं जवळपास थांबतं. अर्थात आजारी माणूस मुळातच कमी चालतो, हा घोळ असल्या अभ्यासांत पूर्ण सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत पावलांचं टार्गेट दिलेलंच नाही, प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार व्यायाम असं मिनिटांत सांगितलंय, आणि ते शहाणपणाचं वाटतं.

भरपूर चालणाऱ्यांच्या टोकाला कॅनडातले आमिश (आधुनिक यंत्रं टाळणारा ख्रिस्ती पंथ) शेतकरी, २००४ च्या अभ्यासात पुरुषांची सरासरी रोज १८,००० पावलांच्या वर, बायकांची १४,००० च्या वर, कोणतंही टार्गेट न ठेवता.

पोहणं, सायकल, ओझी उचलणं हे पावलांत धड मोजलं जात नाही. व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी काही स्मार्टवॉचमध्ये पावलांऐवजी चाकाला दिलेले धक्के मोजायची सोय आहे.